उच्च रक्तदाबावर लस : किती जवळ, किती दूर

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी आरोग्य व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे लेखी रूप)



सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त आयोजित केलेल्या या व्याख्यानमालेत एक पुष्प गुंफण्याची आज्ञा विश्वस्तांनी मला केली, तेव्हा मी प्रथम संकोचलो. मी डॉक्टर नाही. १९८१ साली बी.कॉम. झालो आणि त्याच वर्षीच्या दिवाळीपासून कापड पेठेतील आमच्या दुकानाच्या गादीवर बसलो, तो आजतागायत तेथेच आहे. माझ्या हातून आयुष्यभर मोजले गेले ते कापड. रक्तदाब मोजण्याचा अधिकार माझा नव्हे. तरीही हा विषय मी स्वतःहून मागून घेतला, त्यास एक घरगुती कारण आहे आणि ते मी आरंभीच सांगणार आहे. या व्याख्यानातील वैद्यकीय भाग माझ्या पुतणीने, जी आज एम.डी. आहे, तपासून दिला आहे. चूक राहिली असल्यास ती माझी समजावी.

माझे थोरले बंधू, ज्यांना आम्ही सारे अण्णा म्हणत असू, त्यांना २००३ सालापासून रक्तदाबाची गोळी सुरू होती. सकाळी एक गोळी, एवढेच. अण्णांची प्रकृती धडधाकट. तागा खांद्यावरून उतरवून एका झटक्यात गिऱ्हाइकापुढे उलगडण्याची त्यांची हातोटी आपल्यापैकी जुन्या मंडळींनी पाहिलेली आहे. अशा माणसाला आपण आजारी आहोत हे पटावे कसे? डोके दुखत नव्हते, चक्कर येत नव्हती, झोप उत्तम लागत होती.

२००८ सालच्या मार्च महिन्यात वर्तमानपत्रात एक बातमी आली. स्वित्झर्लंडमधील शास्त्रज्ञांनी उच्च रक्तदाबावर लस शोधली असून वर्षातून मोजक्या टोचण्या घेतल्या की रोजची गोळी सुटण्याची शक्यता निर्माण झाली आहे, असा त्या बातमीचा मथितार्थ होता. ती बातमी प्रथम मी वाचली. कापड कापावयाच्या कात्रीनेच मी ते कात्रण कापले आणि गादीसमोरील मेजावरच्या काचेखाली सरकवले. अण्णांना म्हणालो, “अण्णा, तुमची गोळी सुटली बघा.” ते हसले. मीही हसलो.

पुढे काय झाले ते मला वहीवरून कळायला हवे होते. घरखर्चाची वही मीच लिहीत असे. त्या वर्षीच्या ऑगस्टपासून औषध खात्याची रक्कम निम्म्यावर आली आणि दिवाळीनंतर जवळजवळ शून्यावर. ती आकडेवारी मी माझ्या हाताने मांडली, बेरीज जुळवली आणि पान उलटले. पाच रुपयांचा फरक आला तर रात्री अकरापर्यंत दुकानात बसून तो शोधणारा मी, या फरकाबद्दल मात्र अण्णांना एका शब्दाने विचारले नाही. लस येणारच आहे, तोवर शरीराला औषधाची सवय कशाला, असे अण्णा वहिनींना म्हणत असत, हे मला नंतर समजले. २००९ च्या जानेवारीत एका पहाटे त्यांना पक्षाघाताचा झटका आला. रुग्णालयात नेले तेव्हा दाब २१०/१२० होता. उजवा हात गेला, वाचा गेली. त्यानंतर सहा वर्षे ते दुकानाच्या दारात खुर्ची टाकून बसत आणि डाव्या हाताने गिऱ्हाइकांना नमस्कार करीत. २०१५ साली ते आपणांस सोडून गेले.

त्या लसीचे पुढे काय झाले, हा प्रश्न माझ्या मनात अनेक वर्षे राहिला. कारण ती बातमी खोटी नव्हती. ती अर्धीच होती. राहिलेली अर्धी मी आज आपणांपुढे ठेवीत आहे.

थोडे मागे जाऊन सुरुवात करतो. रक्ताला दाब असतो आणि तो मोजता येतो, हे इंग्लंडमधील स्टीफन हेल्स या धर्मोपदेशकाने १७३३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नोंदविले. त्याने एका घोडीच्या धमनीत नळी घालून रक्त काचेच्या नळीत आठ फुटांहून उंच चढलेले पाहिले. त्या मुक्या प्राण्याची कथा या सभेत विस्ताराने सांगवत नाही. दंडाला पट्टा बांधून, कोणासही इजा न करता दाब मोजण्याची रीत इटलीच्या रिव्हा-रोच्ची यांनी १८९६ साली काढली, आणि पट्ट्याखालील धमनीचा आवाज नळीने ऐकून वरचा व खालचा असे दोन्ही आकडे कसे ठरवावेत, हे रशियन शल्यविशारद कोरोत्कोव्ह यांनी १९०५ साली दाखविले. आपण आज जो १२०/८० म्हणतो, तो त्यांचा वारसा.

परंतु मोजता येणे निराळे आणि उतरविता येणे निराळे. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचा १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन मृत्यू झाला. त्या दिवशी त्यांचा रक्तदाब ३००/१९० इतका नोंदविला गेला. जगातील सर्वांत बलाढ्य देशाच्या अध्यक्षापाशी तेव्हा विश्रांती आणि मीठ कमी करणे याखेरीज फारसा इलाज नव्हता. आज आपल्या कोणत्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात जी गोळी मिळते, ती त्यांना मिळाली नाही, कारण ती अस्तित्वातच नव्हती.

औषधांच्या इतिहासात आपल्या मुंबईचे एक मानाचे पान आहे. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा या आपल्या देशी वनस्पतीचा उच्च रक्तदाबावरील परिणाम रुग्णांवर पद्धतशीरपणे तपासला आणि १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निबंध प्रसिद्ध केला. पाश्चात्त्य जगाचे लक्ष त्यामुळे या मुळीकडे वेधले गेले, १९५२ साली तिच्यातून रेसर्पीन हे द्रव्य वेगळे करण्यात आले, आणि १९५७ साली डॉ. वकील यांना अमेरिकेतील लास्कर पुरस्कार मिळाला. गंमत अशी की पुढची मोठी झेपही सर्पाशीच निगडित आहे. ब्राझीलमधील जराराका नावाच्या विषारी सापाच्या विषाचा अभ्यास करताना सेर्जिओ फेरेरा यांना त्यात एक घटक आढळला. त्या घटकाच्या कार्यपद्धतीवरून प्रयोगशाळेत कृत्रिमरीत्या घडविलेले कॅप्टोप्रिल हे औषध १९८१ साली अमेरिकेत मान्य झाले. (गोळीत सापाचे विष नसते, ती पूर्णतः रसायनशाळेतील निर्मिती आहे. हे मुद्दाम सांगतो, कारण मागील वर्षीच्या शिबिरात एका मातोश्रींनी या कारणास्तव गोळी नाकारली होती.)

हे कॅप्टोप्रिल शरीरातील ज्या साखळीवर काम करते, तीच लसीचेही लक्ष्य आहे. ती साखळी मला समजली ती माझ्या धंद्याच्या भाषेत, म्हणून तशीच सांगतो. आपले यकृत अँजिओटेन्सिनोजेन नावाचे एक लांबलचक प्रथिन रक्तात सोडत असते. तो आपला तागा समजा. मूत्रपिंडातून रेनिन नावाची कात्री येते आणि त्या ताग्यातून दहा वारांचा तुकडा कापते. ‘दहा वार’ म्हणजे दहा अमिनो आम्लांची माळ. हा तुकडा, अँजिओटेन्सिन एक, स्वतः फारसे काही करीत नाही. पुढे मुख्यत्वे फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांमध्ये दुसरी कात्री बसलेली असते. ती त्या तुकड्यातून दोन वार कापून टाकते आणि आठ वारांचा अँजिओटेन्सिन दोन तयार होतो. नऊवारीला एक वार कमी एवढा हा तुकडा, पण त्याचा प्रताप मोठा. तो रक्तवाहिन्या आवळतो आणि शरीराला मीठ व पाणी धरून ठेवावयास लावतो. साहजिकच दाब चढतो. रेनिनचा शोध स्टॉकहोममध्ये १८९८ साली लागला. या आठ वारांच्या पदार्थाचा शोध १९४० च्या सुमारास ब्वेनोस आयरेस आणि इंडियानापोलिस येथील दोन गटांनी एकमेकांशी संबंध नसताना लावला. दोघांनी त्यास वेगवेगळी नावे दिली आणि १९५८ साली तडजोड करून दोन्ही नावांचे अर्धे-अर्धे तुकडे जोडले, तेच अँजिओटेन्सिन. भागीदारीचे वाद असे मिटावेत.

कॅप्टोप्रिल आणि तिच्या भगिनी दुसरी कात्री अडकवून ठेवतात. नंतर आलेल्या गोळ्या आठ वारांचा तुकडा जेथे जाऊन बसतो ती जागाच व्यापून टाकतात. पण या सर्वांचा परिणाम एखाद्या दिवसापुरता. दुसऱ्या दिवशी पुन्हा गोळी. आणि येथेच मनुष्यस्वभाव आडवा येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ सालच्या अहवालानुसार जगात ३० ते ७९ वयोगटातील सुमारे १३० कोटी लोकांना उच्च रक्तदाब आहे आणि त्यांपैकी जेमतेम पाचांत एकाचा तो आटोक्यात आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीत, जी २०२३ साली प्रसिद्ध झाली, प्रौढांमधील प्रमाण ३५.५ टक्के आढळले. या सभागृहात आज तीनशे मंडळी असतील, तर हिशेब आपणच करावा. औषध नाही म्हणून दाब चढतो असे आता फारसे राहिलेले नाही. ज्या दुखण्यात काहीच दुखत नाही, त्यासाठी रोज औषध घेण्याचा कंटाळा येतो. आपल्या समाजात त्यास आणखी एक कारण जोडले जाते, ते म्हणजे उपवास. दशलक्षण पर्वात गोळी घ्यावी की न घ्यावी या विवंचनेत दहा दिवस गोळी बंद ठेवणारे आणि पुढे ती बंदच राहू देणारे अनेक जण मला माहीत आहेत.

म्हणून लस. कल्पना अशी, की औषध बाहेरून रोज देण्याऐवजी शरीरालाच ते घडविण्यास शिकवावे. आपल्या महाराष्ट्राला लसीचे नवल नाही. मुंबईत प्लेगने थैमान घातले असता वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःच्या शरीरात टोचून घेतली. परळच्या हाफकिन संस्थेचे नाव त्यांच्यावरूनच आहे. पण प्लेग असो, देवी असो वा अलीकडचा कोरोना असो, त्या सर्व लसी परक्या शत्रूविरुद्ध. शरीराची प्रतिकारशक्ती परक्यास ओळखते आणि प्रतिपिंडे तयार करते. अँजिओटेन्सिन हा तर घरचा माणूस. घरच्यावर पहारेकरी भुंकत नाही, आणि भुंकू नये अशीच निसर्गाची योजना आहे. शिवाय हा तुकडा इतका लहान की प्रतिकारशक्तीच्या नजरेत तो भरतही नाही. यावर शास्त्रज्ञांनी युक्ती काढली ती अशी, की हा छोटा तुकडा एखाद्या मोठ्या परक्या वस्तूला चिकटवावयाचा. परक्याला पाहून पहारेकरी धावतो आणि त्याच्या अंगावर चिकटलेल्यालाही ओळखून ठेवतो.

ही वाट सरळ नव्हती. साखळीच्या मुळाशीच घाव घालावा म्हणून रेनिनविरुद्ध लस करण्याचे प्रयत्न झाले. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या फ्रेंच शास्त्रज्ञांच्या प्रयोगात मार्मोसेट जातीच्या छोट्या माकडांना रेनिन टोचण्यात आले. त्यांचा रक्तदाब उतरला, परंतु त्यांच्या मूत्रपिंडांवर त्यांच्याच प्रतिकारशक्तीने हल्ला चढविला. रेनिन मूत्रपिंडातच तयार होते, तेव्हा कात्रीबरोबर कात्री करणाराही मारला गेला, असे म्हणावे लागेल. हा मार्ग तेथेच थांबला. पुढे एका ब्रिटिश कंपनीने दहा वारांच्या तुकड्याविरुद्ध लस केली. तो तुकडा चिकटविला होता एका समुद्री गोगलगाईच्या रक्तातील प्रथिनाला. माणसांत प्रतिपिंडे तयार झाली, पण दाब म्हणावा तसा उतरला नाही. ती लस यशस्वी झाली असती तर आपल्यापुढे निराळाच प्रश्न उभा राहिला असता. त्याचे उत्तर देण्याचा अधिकार महाराजांचा, माझा नव्हे. तूर्त तो प्रश्नच उरला नाही.

आता माझ्या कात्रणाकडे येतो. झुरिकजवळील सायटॉस बायोटेक्नॉलॉजी या कंपनीने आठ वारांचा तुकडा क्यूबीटा नावाच्या विषाणूच्या पोकळ कवचावर चिकटविला. हा विषाणू जिवाणूंना ग्रासतो, माणसास नाही, आणि येथे तर त्याचे केवळ टरफल वापरलेले, आतील बीज नाही. ८ मार्च २००८ च्या ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्या चाचणीचा अहवाल प्रसिद्ध झाला. सौम्य ते मध्यम रक्तदाबाचे ७२ रुग्ण. काहींना १०० मायक्रोग्रॅम, काहींना ३०० मायक्रोग्रॅम, काहींना नुसतेच पाणीवजा द्रव्य. टोचण्या तीन : आरंभी, चौथ्या आठवड्यात आणि बाराव्या आठवड्यात. दाब मोजला तो दवाखान्यात एकदा नव्हे, तर अंगावर यंत्र बांधून दिवसभर. ज्यांना मोठी मात्रा मिळाली त्यांचा दिवसाचा दाब, नुसते द्रव्य मिळालेल्यांच्या तुलनेत, वरचा ९ आणि खालचा ४ अंकांनी उतरला. त्याहून लक्षवेधी म्हणजे सकाळी आठच्या सुमारास, जेव्हा दाब एकाएकी उसळतो आणि झटक्यांचा धोका अधिक असतो, तेव्हाचा फरक २५ आणि १३ अंकांचा होता. काहींना तात्पुरती अंगदुखी, कणकण आली, यापलीकडे लसीमुळे झाला असे म्हणावे असा गंभीर उपद्रव दिसला नाही. प्रतिपिंडे सुमारे चार महिन्यांत निम्म्यावर येत होती, म्हणजे वर्षाकाठी काही टोचण्या लागल्या असत्या. बातमीत छापले होते ते येथपर्यंत बरोबर होते.

सुटले होते ते हे, की ७२ म्हणजे फार थोडे. आम्ही नवीन गिरणीचा माल प्रथम दोन-चार तागेच मागवितो. ते हातोहात खपले म्हणून पुढील वर्षाचा सारा बाजार त्या गिरणीच्या नावे लिहून देत नाही. शास्त्रज्ञही तसे करीत नाहीत. वर्तमानपत्रे मात्र करतात, आणि काचेखाली कात्रण ठेवणारे वाचकही.

पुढची मागणी आली ती २००९ साली. कंपनीने दुसरी चाचणी केली. या वेळी टोचण्या अधिक आणि जवळजवळच्या दिवसांनी दिल्या, हेतू हा की प्रतिपिंडे भरपूर व्हावीत. ती झालीही, पहिल्या वेळेपेक्षा पुष्कळ अधिक. आणि रक्तदाब? तो पहिल्या वेळेइतकाही उतरला नाही. पुतणीने मला हे समजावून सांगितले तेव्हा मी तिला दोनदा विचारले, माल वाढला आणि परिणाम घटला, हे कसे? ती म्हणाली, “काका, प्रतिपिंडे नुसती मोजून चालत नाहीत, त्यांची पकड किती घट्ट आहे ते पाहावे लागते. घाईने टोचल्यामुळे संख्या वाढली, पकड सैल राहिली.” मला हे चटकन पटले. मागणी वाढली म्हणून मागावर घाई केली की वार वाढतात आणि पोत जातो, हे मी चाळीस वर्षे पाहत आलो आहे. दोन टोचण्यांमध्ये शरीराला जो अवकाश द्यावा लागतो, त्या अवकाशातच पकड घट्ट होत असते. कंपनीने त्यानंतर या लसीचा विकास थांबविला.

माझे काही मित्र म्हणतात की रोजच्या गोळीवर ज्यांची चूल पेटते त्या कंपन्यांनीच ही लस दाबली. रोजचे गिऱ्हाईक कोणाला नको असते, हे मी व्यापारी म्हणून जाणतो. परंतु येथे मला तसे वाटत नाही. ज्या कंपनीने ही लस केली तिचा सारा डाव नव्या लसींवरच होता, तिला गोळ्यांचा धंदा सांभाळावयाचा नव्हता. मापात माल कमी भरला आणि त्यांनी तो परत घेतला. ते मला प्रामाणिकपणाचेच वाटते.

एक अधिक खोल शंका मात्र आहे, आणि ती आपल्या जीवनपद्धतीशी थेट भिडते. अँजिओटेन्सिन हा शत्रू नाही. जुलाब-उलट्यांनी अंगातले पाणी गेले, अपघातात रक्त गेले, तर तोच रक्तवाहिन्या आवळून माणसाला उभे ठेवतो. गोळी चालू असताना असा प्रसंग आला तर डॉक्टर ती त्या दिवशी थांबवितात. शरीरात तयार झालेली प्रतिपिंडे कशी थांबविणार? टोचलेली लस परत घेता येत नाही. निर्जळ उपवास करणाऱ्यांच्या बाबतीत, उन्हाळ्यात, हा प्रश्न पुस्तकी नाही. गर्भवती स्त्रियांचा तर विचारच निराळा. या साखळीवरील गोळ्याही त्यांना निषिद्ध आहेत, कारण गर्भाला इजा होते. मला हे कळेपर्यंत मी लसीकडे केवळ सोय म्हणून पाहत होतो.

संशोधन थांबलेले नाही. चीनमधील वुहान येथील शास्त्रज्ञांनी आठ वारांचा तुकडा जेथे बसतो त्या आसनाविरुद्ध लस केली व २०१३ साली उंदरांवरील निष्कर्ष मांडले. जपानच्या ओसाका विद्यापीठातील संशोधनावर आधारलेली डीएनए लस अँजेस कंपनीने २०१८ साली ऑस्ट्रेलियात माणसांना देऊन पाहण्यास आरंभ केला, तेथे भर होता तो ती सोसवते की नाही यावर. या दोन्ही लसी बाजारापासून दूर आहेत.

अधिक आशा आज दिसते ती निराळ्याच दिशेने. तिला लस म्हणू नये, यद्यपि वर्तमानपत्रे तसे म्हणतील. झिलेबेसिरान नावाचे एक टोचावयाचे औषध अमेरिकेतील अल्नायलम कंपनीने तयार केले आहे. ते प्रतिकारशक्तीला हातच लावत नाही. ते थेट यकृतात जाते आणि ताग्याचा जो नमुना पाहून यकृत विणकाम करते, तो नमुनाच फाडून टाकते. तागा नाही, तर कात्रीला काम नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या चाचणीत एकाच टोचणीचा परिणाम २४ आठवडे टिकल्याचे दिसले. २०२४ साली ३९४ रुग्णांवरील मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले, तेही उत्साहवर्धक होते. तथापि यावर लिहिताना मी माझ्या हाताला आवर घातला आहे. हे औषध अद्याप चाचण्यांतच आहे. दाब उतरतो हे दिसले, पण त्यामुळे पक्षाघात आणि हृदयविकार किती टळतात, याचे उत्तर हजारो रुग्ण आणि अनेक वर्षे मागते. आणि परत घेता न येण्याची शंका येथेही आहेच. किंमत काय असेल, याविषयी तर न बोललेले बरे.

यांपैकी काहीही आज आपल्या औषधाच्या दुकानात मिळत नाही. कोणी रक्तदाबाची लस म्हणून काही देऊ केले तर घेऊ नये. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम २०१७ साली ज्या पहिल्या पाच राज्यांत सुरू झाला त्यांत महाराष्ट्र आहे. त्यात ठरलेल्या साध्या, स्वस्त गोळ्या ठरलेल्या क्रमाने दिल्या जातात. उपवासाचा किंवा रात्रीभोजनत्यागाचा नियम असलेल्यांनी तो नियम डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावा. गोळीची वेळ बहुधा सकाळच्या पारण्याशी जुळविता येते, आणि निर्जळ उपवास असेल तर काय करावे, तेही तेच सांगतील. आपल्या शिबिरात ते सांगणारे तीन डॉक्टर बसलेले असतात, शुल्क नाही. पापड आणि लोणच्याविषयी माझी गृहिणी समोर बसली असल्याने मी काही बोलत नाही.

व्याख्यानानंतर काही प्रश्न विचारले गेले, त्यांतील दोन येथे नोंदवितो. एका तरुण मित्राने विचारले की आपण स्वतः काय घेता. मी २०११ पासून दोन गोळ्या घेतो. दुकानात मेजाच्या खणात दाब मोजण्याचे यंत्र आहे, दर रविवारी दुकान उघडण्यापूर्वी मोजतो आणि घरखर्चाच्या वहीतच औषध खात्याच्या पानावर आकडा लिहितो. मागील रविवारचा १३४/८२ आहे. ते पान आता सून तपासते.

दुसरा प्रश्न मागच्या रांगेतील एका भगिनींचा होता. ती लस तेव्हा खरोखरच आली असती, तर आपले अण्णा वाचले असते का? मला उत्तर सुचले नाही, तेव्हा पुतणीच उठली. ती अण्णांची मुलगी आहे. त्या जानेवारीत ती बारावीत होती. तिने सांगितले की त्या चाचणीत दाब ९ अंकांनी उतरला होता, आणि रोजची एक साधी गोळीही साधारण तेवढाच दाब उतरविते. ती गोळी आमच्या दुकानापासून चौथ्या दुकानात मिळत होती.